जित्या बापाचं पान

"तू हजर म्हणू नको. तू बॅं म्हण."

सर असं म्हणाले आणि वर्ग असा हसला की शाळेचे पत्रे वीतभर वर उडून परत खाली बसले असतील. तिसरीत होतो. मावशीच्या गावी ठेवलेला, त्या शाळेत नवा. अंगात मावशीनं दिलेला शर्ट, शर्टात मी, आणि माझ्यात म्हणे मेंढराचा वास. सरांनी नाकाला रुमाल लावलेला. हजेरीचं पुस्तक उघडं, माझ्या नावावर बोट.

"म्हण लवकर. पुढची पोरं खोळंबलीत."

म्हणलो. बॅं.

वर्षभर म्हणलो. रोज. सुरुवातीला रडत, मग न रडता, मग चांगल्यापैकी. पुढं तर असं झकास जमलं की बाजाराच्या दिवशी खाटकाकडं निघालेली मेंढरं शाळेपाशी थांबायची आणि मला उत्तर द्यायची. खोटं वाटतं ना? वाटू द्या. पण हे खरंय : तपासणीला साहेब आले तेव्हा सरांनी मला पुढं उभं केलं. "साहेब, आमच्याकडची एक गंमत बघा." साहेबांनी चहा पिता पिता ऐकलं. म्हणाले, पुन्हा एकदा. मी पुन्हा केलं. साहेबांनी बशीतलं एक बिस्कीट मला दिलं.

ते मी खाल्लं.

मार खाल्ला असता तर विसरलो असतो. अंग विसरतं. बिस्कीट काही विसरता आलं नाही. त्या दिवशी एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. लोकांना आपल्यावर हसायचंच असतं. आपणच आधी हसवलं तर वर खायला मिळतं.

तिथून मी थापाड्या झालो. साधासुधा नाही. सुट्टीत आमच्या वाड्यावर, म्हणजे मेंढरांच्या तळावर, मी सांगायचो की शाळेत मला खुर्ची आहे. शाळेत सांगायचो की माझ्या बापाकडं दोन हजार मेंढरं आहेत आणि एक पांढरा घोडा आहे, तो फक्त उर्दू समजतो. मेंढरं होती साठेक. घोडं होतं, पण जोडीदाराबरोबर भागीत, आणि त्याला कुठलीच भाषा समजत नव्हती. बाप मात्र खरा होता. इतका चाललेला माणूस मी पाहिला नाही. सरळ रेषेत चालला असता तर पृथ्वी संपली असती. पण तो गोल गोल चालायचा. दरवर्षी तीच गावं, तीच रानं, तेच बांध. कुणाच्या मोकळ्या रानात मेंढरं बसवायची, रानाला खत होतं, त्याबदल्यात जवारी घ्यायची आणि पुढं निघायचं. त्याचं नाव लक्ष्मण. वाड्यावर लखू. आय मी दहावीला असताना गेली. त्यानंतर त्यानं मला एकच वाक्य सांगितलं. "तू माझ्या मागनं येऊ नको."

नाही गेलो. शहरात आलो. वाळूजला कंपनीत, ठेकेदाराच्या हाताखाली. काम मिळालं, खोली मिळेना. "आडनाव काय?" असा सवाल यायचा. मी आडनाव सांगायचो आणि खोली कालच गेलेली असायची. या शहरातल्या झाडून सगळ्या खोल्या कालच गेल्या होत्या. एका बाईनं तर मी दारात उभा असताना आत हाक मारली, "अहो, आपली खोली काल गेली ना?" आतून आवाज आला, "कोण आहे, बघून सांगतो." ते आले, बघितलं, आणि म्हणाले, "हो, कालच."

अशा किती दारांवर गेलो ते सांगत नाही. सांगितलं तर वाढवून सांगीन.

शेवटी कोर्टाबाहेर टाइपरायटर घेऊन बसणाऱ्या एका म्हाताऱ्या चाचांकडं गेलो. नाव बदलायचं म्हणलं. त्यांनी चष्म्यावरून बघितलं.

"नाम बदलना है के नसीब?"

"जो जल्दी होता वो."

"फिर नाम बदलो. नसीब को टाइम लगता मियाँ."

प्रतिज्ञापत्र झालं, पेपरात जाहिरात झाली, राजपत्रात छापून आलं, आधार कार्डावर चढलं. माझं नाव तेच, मधे बापाचं नाव तेच, शेवटी फक्त पाटील. जुनं आडनाव एका ओळीत मेलं. रडायलाही कुणी नव्हतं.

आणि काय सांगू, माझी चालच बदलली. छाती दोन इंच वाढली. आधी ज्या टपरीवर "ए, सरक जरा" ऐकायचो, तिथं "या पाटील" व्हायला लागलं. चहा तोच, पण मला त्यात वेलची लागायची. आठवड्याच्या आत आबासाहेब भेटले.

आबासाहेब वाळूजच्या कंपन्यांना माणसं पुरवणारे ठेकेदार. गारखेड्यात दोन मजली घर, गंगापूरकडं नदीच्या बाजूला मोठं रान. त्यांनी माझं आधार कार्ड हातात घेतलं, आडनावावर अंगठा फिरवला आणि म्हणाले, "सुपरवायझर आपल्यातलाच पाहिजे मला. बाकीच्यांवर भरवसा नाय. कुठले तुम्ही?"

"अजिंठ्याकडचे." लांबचं सांगितलं. लांबचं कुणी तपासत नाही.

"रान किती?"

"चाळीस एकर." जीभच ती. दोन दिवसांत त्याचे साठ झाले, मधे विहीर आली, विहिरीवर आंब्याची बाग आली. काम मिळालं, त्यांच्याच घराची वरची खोली मिळाली, काकूंच्या हातचं जेवण मिळालं. काकू म्हणजे त्यांची मंडळी. मनानं चांगली बाई. पुढं काय झालं ते सांगायच्या आधी हे तिच्या बाजूनं लिहून ठेवतो. मी तापानं पडलो तेव्हा तिनं उशाशी बसून पेज पाजली होती. पाटलाला पाजली होती, पण घशाखाली माझ्याच उतरली.

एक दिवस आबासाहेब म्हणाले, "पाटील, वडलांना आणा एकदा. बसू, बोलू."

घास हातात होता. एका श्वासात म्हणलं, "वडील वारले."

"अरे अरे. कशानं?"

आता साधा ताप सांगून भागलं असतं. पण मी मी होतो. पहिल्यांदा सांगितलं, विहिरीत पडले. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा बिबट्या आला. दिवाळीच्या फराळाला बसलो तोवर त्याचा वाघ झाला होता, आणि माझा बाप नुसत्या कुऱ्हाडीनं त्याच्याशी पहाटेपर्यंत झुंजून, त्याला मारून, मग मेला होता. आमच्याकडं बिबट्या सापडेल, वाघ कुठला? आबासाहेबांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण आपल्या सुपरवायझरचा बाप बिबट्यानं मारलेला त्यांनाही कमी वाटायचा. पाहुणे आले की मला बोलवायचे. "पाटील, ते वाघाचं सांगा." मी सांगायचो. लोक माना हलवायचे. मला दुसऱ्यांदा चहा मिळायचा.

जिता बाप मी असा पाहुण्यांपुढं मारत राहिलो. थाटात मारला, पण मारला.

तो रविवारी फोन करायचा. जोडीदाराच्या पोराच्या मोबाइलवरून. तो नंबर मी 'गॅस एजन्सी' नावानं ठेवला होता. वाजायचा, वाजायचा, थांबायचा. काकू म्हणायच्या, "पाटील, तुमचा गॅस दर आईतवारी कामून येतो हो?" मी हसायचो. कधीतरी खोलीचं दार लावून उचलायचो. "बरं हाय का?" "बरं हाय." "जेवलास?" "व्हय." बास. गावी गेलो नाही. दोन वर्षं.

मग भादवा आला. पावसानं ओढ दिली होती. काकू पितृपंधरवड्याची यादी करत होत्या.

"पाटील, तुमच्या वडलांचं पान कोण घालतं?"

"कुणी नाय काकू. मी एकटाच."

"म्हंजे उपाशीच का ते? वाघाशी झुंजलेला माणूस, आन उपाशी? तिथी कोणती त्यांची?"

एका श्वासात वाघ उभा करणारा मी, मला तिथी सुचेना. तोंडातून निघालं, "अमावस्या."

"मंग सर्वपित्रीलाच घालू. आमच्या मामांजींचंबी त्याच दिशी असतं, रानातल्या घरी. त्यांच्या शेजारी तुमच्या वडलांचं."

नाही म्हणायला जागा नव्हती. बापाच्या जेवणाला कोण नाही म्हणेल?

सर्वपित्रीला रानातल्या घरी गेलो. आबासाहेब, काकू आणि मी. काकूंनी पहाटेपासून रांधलेलं. तांदळाची खीर, उडदाचे वडे, कढी, भोपळ्याची भाजी. दोन पानं वाढली. पत्र्यावर नेऊन ठेवली. एक आबासाहेबांच्या वडलांचं, एक माझ्या बापाचं. काकूंनी पदर सावरून हाक घातली, "लक्ष्मणराव, या. जेवून घ्या."

कावळा आला. आबासाहेबांच्या वडलांचं पान त्यानं असं साफ केलं की धुवायला नको. मग शेजारच्या पानाकडं वळला. बघितलं. मान वाकडी केली. मागं सरकला.

"काहीतरी इच्छा राहिली असंल," काकू म्हणाल्या. "लक्ष्मणराव, पोराला आम्ही अंतर द्यायचो नाय."

कावळा ढिम्म.

आबासाहेब पुढं झाले. "पोराला कायमचा करतो. शब्द हाय."

कावळा एक पाऊल मागं.

"लगीन लावून देतो. आपल्यातलीच पोरगी बघून."

कावळा उडाला आणि बाभळीवर जाऊन बसला. तिथून तो माझ्याकडं बघत होता. तुम्ही म्हणाल ही माझी थाप. नाही. त्या रानात खरं माहीत असलेले दोघंच होतो, तो आणि मी.

अर्धा तास गेला. पानावर माश्या बसल्या. तेवढ्यात पायवाटेनं घुंगरांचा आवाज आला.

आबासाहेब म्हणाले, "आला वाटतं मेंढक्या. जवारीच्या मोकळ्या रानात मेंढरं बसवायची म्हणून निरोप धाडला होता. दुष्काळानं सगळे इकडंच सरकलेत."

मी वळून बघितलं. माझ्या बापाची चाल मी कोसावरून ओळखतो. काठी दोन्ही खांद्यांवर आडवी, दोन्ही हात काठीवर टांगलेले, आणि मान जरा पुढं, रान आपल्याआधी तिला दिसावं म्हणून. पुढं मेंढरं, मागं तो. बांधापाशी थांबला. वर बघितलं. मी दिसलो. इस्त्रीचा शर्ट, बूट, मालकाच्या खांद्याला खांदा.

मी मान खाली घातली.

त्यानं ते बघितलं. तेवढंच बघितलं.

"राम राम मालक," तो आबासाहेबांना म्हणाला. मग माझ्याकडं वळून, तितकाच वाकून, "राम राम मालक."

आबासाहेबांना एकदम सुचलं. "कावळा शिवत नाय ना? मंग ते पान ह्याला द्या. कावळ्यापेक्षा काय कमी काळा हाय का?" आणि हसले. हसताना माझ्या पाठीवर थाप मारली. मी हसलो. सवय होती.

काकू म्हणाल्या, "असं बोलू नये अमावस्येच्या दिशी. बस रे बाबा. जेव." त्यांनी ते पान उतरवलं, वरून ताजी खीर घातली, ओसरीच्या खाली ठेवलं. बाप मेंढरं बांधाशी थोपवून आला, हात धुतले, मांडी घातली.

"कुणाचं पान म्हणायचं माय?"

"ह्या आमच्या पाटलांच्या वडलांचं. लक्ष्मणराव पाटील. वाघाशी झुंजले हो. पहाटपत्तोर."

बापाचा हात पानावर थांबला. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही.

"वाघाशी?"

"कुऱ्हाडीनं."

"लई चांगला माणूस असंल."

"व्हय तर."

"मंग खातो. चांगल्या माणसाचं अन्न टाकू नाय."

आणि माझ्या बापानं स्वतःच्या श्राद्धाचा पहिला घास घेतला. काकू म्हणाल्या, "पाटील, वाढा की खीर. तुमच्या वडलांच्या नावचा माणूस जेवतोय." मी वाढली. "बास मालक," तो म्हणाला. "पोट भरलं." खोटं. दोन दिवसांचा उपाशी माणूस मी चालीवरून ओळखतो. तरी म्हणाला पोट भरलं.

त्या तेवढ्या वेळात मेंढरं बांध ओलांडून सोयाबीनमधी घुसली. जोडीदार घोडं आणि सामान घेऊन मागून येत होता. राखायला कुणी नव्हतं. राखणारा जेवायला बसवला होता. आबासाहेबांनीच बसवला होता.

बाप उष्ट्या हातानं पळाला, मेंढरं हाकलून पलीकडच्या बांधावर नेली आणि हात जोडत परत आला. चार ओळी खाल्ल्या असतील. तोवर आबासाहेबांचा चेहरा तापला होता.

"अन्न खाऊन उलटला का? पाटील, फोन काढा. ह्याचा व्हिडिओ करा. गावच्या ग्रुपवर टाकू, बाकीच्या मेंढक्यांनाबी धाक बसंल. ए, कान धर."

बापानं कान धरले.

मी फोन काढला. हे मी लपवणार नाही. मीच काढला, मीच धरला, मीच लाल टिपक्यावर बोट ठेवलं.

"म्हण, मी चोर हाय."

"मी चोर हाय मालक."

"नाव सांग."

बापानं फोनकडं बघितलं. म्हणजे माझ्याकडं. आत्ताच त्यानं स्वतःचं नाव मेलेल्यांमधी ऐकलं होतं. लक्ष्मण म्हणला असता तर कुणीतरी चमकलं असतं.

"सोमा."

सोमा माझा चुलता. त्याचा धाकटा भाऊ. नदीला पूर आला तेव्हा मेंढरांमागं गेला तो परत आला नाही. मी जित्या बापाला मारला होता. माझ्यासाठी त्यानं मेलेल्या भावाला उठवला.

"गाव?"

त्यानं गावही खोटं सांगितलं. माझ्याइतकी सफाई नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलत होता, अडखळत होता, आणि मी ते टिपून घेत होतो.

"आता पागुटं काढ," आबासाहेब म्हणाले. "पाटलांच्या वडलांचं पान खाल्लं ना? मंग पाटलांच्या पायावर ठेव."

त्यानं पागुटं काढलं. खाली टक्कल पडलं होतं. मला माहीतच नव्हतं. दोन वर्षांत केस गेले होते बापाचे. तो माझ्या बुटांपुढं गुडघ्यावर बसला. फोनच्या काचेत त्याचं डोकं मोठं होत गेलं, जवळ जवळ, आणि मग काचेत फक्त तेच उरलं.

"उठ, बा."

माझा आवाज होता. फोन खाली आला.

मी पुन्हा म्हणलं, "उठ. आबासाहेब, हा माझा बाप हाय. लक्ष्मण. ह्याचंच पान घातलंय तुम्ही."

आबासाहेब हसले. अगदी पोटातून. "पाटील, पाटील! काय माणूस हाय! वाघ झाला, आता मेंढक्या का?"

आयुष्यभर खोटं बोललो, लोकांनी ते उचलून घेतलं. एकदा खरं बोललो तर कुणी घेईना. मी बापाकडं बघितलं. तूच सांग.

"न्हाय मालक," बाप आबासाहेबांना म्हणाला. "मी वळखत न्हाय ह्यांना. त्यांना ऊन लागलं असंल."

आता काय करायचं? कागद माझ्या बाजूचा नव्हता. कागदावर मी पाटील. बापही माझ्या बाजूचा नव्हता. मला मेंढक्याचा पोरगा म्हणणारं त्या रानात कुणीच नव्हतं.

आमच्यात मेंढरांना बोलवायची प्रत्येक वाड्याची हाळी वेगळी असते. जीभ टाळूला लावून सुरू होते, मग पोटातून लांब ओढायची, मधे दोनदा तोडायची. बाप लेकाला देतो. दुसऱ्याच्या हाळीवर मेंढरं मानसुद्धा वर करत नाहीत. मी तोंडापुढं हात धरला आणि हाळी दिली. दोन वर्षांनी. घसा फाटला.

पलीकडच्या बांधावर एका म्हाताऱ्या मेंढीनं मान वर केली. मग ती निघाली. तिच्यामागं दुसरी. मग सगळा कळप, धुरळा उडवत, अंगणातून, ओसरीच्या कडेनं, काकूंच्या रांगोळीवरून. माझ्या इस्त्रीच्या विजारीला येऊन भिडला. साठच्या साठ. इथं एकही मेंढरू मी वाढवून सांगितलेलं नाही.

बापानं डोळे मिटून घेतले.

आबासाहेबांनी हात उगारला. पण तो वरच राहिला. कालपर्यंत मी पाटील होतो, कुठं मारावं ते त्यांना कळेना. हात खाली आला. "खोली आजच्या आज मोकळी कर," ते म्हणाले. मला पहिल्यांदा 'कर' म्हणाले.

काकू त्या उष्ट्या पानाकडं बघत होत्या. त्यांचा आवाज चढला नाही. "जित्या माणसाचं पान घालून घेतलंस माझ्या हातानं. मी त्याला जेव म्हणलं असतं की रे. नुसतं तुझा बाप म्हणूनबी जेव म्हणलं असतं."

म्हणल्या असत्या का? माहीत नाही. मी विचारायला जागाच ठेवली नव्हती.

बाप पागुटं बांधत मेंढरांमागं चालू लागला. मी मागनं गेलो. कॅनॉलपाशी तो थांबला.

"कामून बोललास?"

"तू माझ्या पाया पडत व्हतास."

"पडलो असतो तर काय झिजलो असतो का? सोमा म्हणून सुटलो असतो. तूबी सुटला असतास, मीबी. आता दोघंबी गेलो." त्यानं काठी खांद्यावर टाकली. "माझ्या मागनं येऊ नको म्हणलं व्हतं ना तुला?"

आणि गेला. मी तिथंच. मिठी नाही, आसवं नाहीत. असं काही झालं असतं तर मीच सगळ्यात आधी रंगवून सांगितलं असतं.

तिसऱ्या दिवशी आबासाहेबांचा फोन आला. आवाज एकदम मऊ.

"तो व्हिडिओ आहे का रे तुझ्याकडं?"

"हाय."

"पुसून टाक. हे बघ, मी कुणाला बोललो नाय. काकूबी नाय. पाटील म्हणूनच राहा. काम घे परत, खोली घे. कायमचा करतो. उगं त्या भागातली मेंढकी माणसं बिथरतील. पुढं निवडणूक हाय."

सगळं परत मिळत होतं. वरची खोली, टपरीवरचं "या पाटील". एक बोट दाबायचं फक्त. त्या व्हिडिओत आवाज आबासाहेबांचा, कान बापाचे, आणि फोन धरलेला हात माझा. मी तो लावला. पुन्हा लावला. सोमा. सोमा.

"पुसणार नाय," मी म्हणलं.

"मंग मर."

ठाण्यात गेलो. फिर्याद द्यायची म्हणलं. हवालदार भला माणूस होता, बसा म्हणाला, व्हिडिओ बघितला.

"हे कोण?"

"माझा बाप. लक्ष्मण."

"हा तर सोमा म्हणतोय."

"सोमा माझा चुलता."

"मग चुलत्याला बोलवा."

"चुलता मेलाय."

"मेलेल्या माणसाला कान धरायला लावले का?" त्यानं माझं आधार कार्ड घेतलं. "आणि तुम्ही पाटील. ह्या माणसाचा मुलगा कसे? आडनाव जुळत नाही. बापालाच घेऊन या, त्यांनी सांगितलं की लिहितो."

बापाला शोधत वैजापूरच्या अलीकडं वाड्यावर गेलो. तो मेंढराच्या पायातला काटा काढत होता. वर बघितलंही नाही.

"मी सोमा हाय," तो म्हणाला. "मला त्या भागातनंच जायचंय. दरसाल. तू फिर्याद देशील आन शहरात जाशील. मी कुठं जाऊ?"

तो चूक बोलत नव्हता. तरी मी थांबणार नाही, आणि त्यासाठी तो मला माफ करील असंही नाही.

कोर्टाबाहेरच्या चाचांकडं परत गेलो. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "वापस?" "वापस." मला वाटलं हसतील. हसले नाहीत. कागद चढवला आणि माझं जुनं आडनाव एकेक अक्षर ठोकून टाइप केलं. राजपत्रात यायला वेळ आहे. तोवर मी कागदावर कुणाचाच पोरगा नाही. काम नाही. वाळूजच्या नाक्यावर रोजंदारीला उभा राहतो, मिळालं तर मिळालं. खोली नाही, एका ओळखीच्या पोराच्या गॅलरीत झोपतो. लोक म्हणतात, जा ना परत मेंढरांमागं. जाणार नाही. पाटील होऊनही राहणार नाही. हे शहर मला माझ्या आडनावासकट घ्यावं लागेल. नाही घेतलं तर मी इथंच त्याच्या डोळ्यांपुढं उभा राहीन.

नाक्यावर जायच्या आधी रोज सकाळी ठाण्यात जातो. बाकावर बसतो. पाळी बदलली की नवा हवालदार विचारतो, "कोण तुम्ही?"

मी सांगतो. लक्ष्मण मेंढक्याचा मुलगा. बाप जिता आहे. त्याला कान धरायला लावले आणि ते मी टिपलं. लिहून घ्या.

लिहून घेईपर्यंत सांगणार आहे.